लंडनमधील अंत्यविधीचा पिढीजात व्यवसाय : सुताराच्या दुकानापासून राजघराण्यापर्यंत

पोथीशाळा (प्रश्न)

नमस्कार. जुन्या पिढीजात पेढ्यांवर मी एक लेखमाला लिहीत आहे. सराफ, अत्तरवाले आणि छापखानेवाले यांच्यावरचे लेख लिहून झाले आहेत. पुढचा लेख अशा व्यवसायावर लिहायचा आहे, ज्याचे नाव काढायलाही आपल्याकडे लोक कचरतात.

सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ यांची अंत्ययात्रा आपल्यापैकी अनेकांनी दूरचित्रवाणीवर पाहिली असेल. तेव्हा वाचनात आले की ही व्यवस्था लंडनच्या कॅम्डन भागातील ‘लेव्हर्टन अँड सन्स’ या कौटुंबिक पेढीकडे होती, ही पेढी डेव्हनहून लंडनला आलेल्या जॉन लेव्हर्टन नावाच्या सुताराने १७८९ मध्ये सुरू केली आणि त्या घराण्याच्या आठ पिढ्यांनी ती चालवली आहे. १७८९ मध्ये आपल्याकडे पुण्यात सवाई माधवराव पेशवे गादीवर होते आणि महादजी शिंदे उत्तरेत दिल्लीचे राजकारण सांभाळत होते. तेव्हापासून आजवर एकाच घराण्याने, एकाच शहरात, एकच काम केले, ही गोष्ट मला थक्क करून गेली.

आपल्याकडे तिरडी शेजारीपाजारी बांधतात, खांदा भाऊबंद देतात, सामान आणायला गल्लीतलाच कोणीतरी जाणता माणूस धावतो आणि या कामाचे पैसे घेणे अभद्र मानले जाते. मग मरण हा एखाद्या घराण्याचा दोन शतकांचा व्यवसाय कसा होतो? सुताराने हे काम का पत्करले? इतर घराणी मागे पडली असताना काही मोजकीच का टिकली? आणि आपल्या समाजात याला समांतर असे काही आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास उपकार होतील.

जुने_दप्तर

आपल्या प्रश्नातच उत्तराचे टोक आहे. तिरडी बांबूची असते, ती तासाभरात बांधता येते आणि अग्नीबरोबर जळून जाते. तिच्यासाठी कसबी कारागीर लागत नाही. ख्रिस्ती दफनासाठी मात्र फळ्यांची, सांधे नीट बसवलेली आणि माणसाच्या मापाची पेटी लागते, आणि तीही एक-दोन दिवसांत. गावात ती करू शकणारा माणूस म्हणजे सुतार. त्यामुळे इंग्लंडच्या खेड्यांत सुतार किंवा चाके-गाड्या बनवणारा मिस्त्रीच हे काम आपल्या नेहमीच्या कामाच्या जोडीने करीत असे. लंडनसारख्या शहरात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पेटीबरोबर काळे कापड, मेणबत्त्या, गाड्या आणि खांदेकरी अशी सगळी व्यवस्था अंगावर घेणारे लोक दिसू लागतात. त्याआधी सरदार-उमरावांच्या अंत्ययात्रा राजदरबारच्या मानचिन्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली होत असत. कोणी किती काळे कापड वापरावे आणि यात्रेत कोणी कोणाच्या पुढे चालावे, हे दर्जाप्रमाणे ठरलेले असे. ती पकड सैल झाली, पैसे असलेल्या व्यापारी वर्गालाही तसा थाट हवासा वाटू लागला आणि तो थाट भाड्याने देणारे दुकान उभे राहिले. या धंद्याचा जन्म असा आहे.

राजघराण्याचे काम करणाऱ्यांत लेव्हर्टन हे तिसरे घराणे आहे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. पहिले बँटिंग. हे सेंट जेम्स स्ट्रीटवरचे फर्निचरवाले. ‘फ्रान्स अँड बँटिंग’ या नावाने त्यांची पेढी राजवाड्यांना सामानसुमान पुरवीत असे. राजवाड्यात खुर्च्या, पडदे आणि बिछायती पुरवणाऱ्याकडेच राजाच्या अंत्यविधीचे काम जाणे त्या काळी स्वाभाविक होते, कारण या कामाचा निम्मा भाग काळ्या मखमलीचा आणि आतल्या अस्तराचाच होता. १८२० मध्ये तिसऱ्या जॉर्जचे, १८३० मध्ये चौथ्या जॉर्जचे, १८५२ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे, १८६१ मध्ये राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांचे, १९०१ मध्ये स्वतः व्हिक्टोरियाचे आणि १९१० मध्ये सातव्या एडवर्डचे अंत्यविधी या घराण्याने सांभाळले. या घराण्यातील विल्यम बँटिंग वेगळ्याच कारणाने प्रसिद्ध आहेत. साखर आणि पिष्टमय पदार्थ सोडून वजन कसे उतरवले, हे सांगणारी त्यांची १८६३ ची पुस्तिका युरोपभर गाजली आणि आहारशास्त्राच्या इतिहासात आजही तिचा उल्लेख होतो.

वेलिंग्टनच्या अंत्ययात्रेविषयी दोन वाक्ये लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शत्रूकडून जिंकलेल्या तोफांच्या धातूतून ओतलेला अजस्र रथ, त्याला जुंपलेले १२ घोडे आणि लंडनच्या रस्त्यांवर लोटलेला जनसागर असा तो सोहळा होता. व्हिक्टोरियन काळातील शोकप्रदर्शनाचे ते शिखर आणि त्याच्यावरील टीकेची सुरुवातही तीच. चार्ल्स डिकन्स यांना हा दिखाऊपणा इतका खटकत असे की आपल्या अंत्यविधीत काळे स्कार्फ, झगे आणि टोप्यांवरच्या लांब फिती नसाव्यात, असे त्यांनी मृत्युपत्रातच लिहून ठेवले. १८७० मध्ये ते वारले तेव्हा त्याप्रमाणे करण्यात आले.

पण या व्यवसायाला स्थैर्य राजांनी दिले नाही, ते गरिबांनी दिले, असे माझे मत आहे. १८३२ च्या शरीरशास्त्रविषयक कायद्याने ‘वर्कहाउस’ म्हणजे निराधार गरिबांना काम करवून ठेवणाऱ्या सरकारी आश्रयगृहांत मरण पावलेल्या आणि कोणी दावा न केलेल्या माणसांचे देह वैद्यकीय शाळांना विच्छेदनासाठी देण्याची मुभा दिली. त्यानंतर सरकारी खर्चाने होणारे बेवारशी दफन ही गोरगरिबांच्या दृष्टीने सर्वांत मोठी नामुष्की ठरली. पोटाला चिमटा घेऊन, आठवड्याला पेनी-दोन पेनी भरून लोक ‘दफन मंडळां’चे सभासद होत, म्हणजे मरणानंतर स्वतःची पेटी आणि स्वतःची गाडी मिळण्याची खात्री होई. समाजसुधारक एडविन चॅडविक यांनी १८४३ च्या अहवालात या खर्चावर आणि गरिबांच्या दुःखाचा फायदा घेणाऱ्या दुकानदारांवर कडक ताशेरे ओढले. वाईट भावाने माल विकणारे त्या धंद्यात होतेच. पण एखाद्या वस्तीत तीस-चाळीस वर्षे राहून, आजीच्या वेळी हप्त्याने पैसे घेऊन आणि नातवाच्या वेळी आजीचे नाव न विचारता ओळखून काम करणारी घरेही होती. टिकली ती बहुधा हीच. मोहल्ल्यातल्या माणसांचे मरण ज्याने नीट पार पाडले, त्याच्याकडे पुढची पिढी किंमत न विचारता जाते. हा विश्वास दुकानाच्या पाटीवरच्या आडनावाशी बांधलेला असतो, म्हणून ते नाव मुलाने पुढे चालवणे हा भावनेइतकाच व्यवहाराचाही भाग होता.

आता ‘एकच काम’ या आपल्या शब्दांविषयी. या घराण्यांनी दोनशे वर्षे एकच काम केले, असे दिसते तेवढे खरे नाही. काम पिढीगणिक बदलत गेले. पणजोबा फळ्या रंधत असत. आजोबांच्या काळात मुख्य भांडवल होते ते शहामृगाच्या काळ्या पिसांनी सजवलेले काळे घोडे. ज्यांना घोडे पोसणे परवडत नसे, ते लहान दुकानदार ‘कॅरेज मास्टर’ म्हणजे गाड्या-घोडे भाड्याने देणाऱ्या मोठ्या व्यावसायिकाकडून ते आणत, आणि ही पद्धत मोटारींच्या काळातही सुरू राहिली. पहिल्या महायुद्धात लाखो तरुण परदेशच्या रणभूमीवर पडले आणि ब्रिटिश सरकारने त्यांचे देह मायदेशी न आणण्याचा निर्णय घेतला. घराघरांत पेटीशिवाय शोक करावा लागल्यावर पिसे आणि फिती यांना काही अर्थ उरला नाही आणि जुना थाट झपाट्याने मागे पडला.

त्याहून मोठा बदल घराच्या आत झाला आणि त्याची इतिहासात फार कमी नोंद घेतली जाते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंडमध्येही मृतदेह घरातच, पुढच्या खोलीत ठेवला जाई. त्याला अंघोळ घालणे, डोळे मिटवणे, हनुवटी बांधणे आणि कपडे घालणे ही कामे गल्लीतली एखादी अनुभवी बाई करीत असे, आणि पुष्कळदा तीच बाई बाळंतपणेही करी. म्हणजे जन्म आणि मृत्यू या दोन्ही टोकांना एकच हात होते. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा आल्यानंतर जन्म आणि मरण दोन्ही रुग्णालयात गेले. सुईणीचे काम परिचारिकेकडे गेले आणि अखेरच्या अंघोळीचे काम या पेढ्यांकडे. देह ठेवण्यासाठी शांत खोल्या बांधल्या गेल्या, देह टिकवण्याची रासायनिक प्रक्रिया अमेरिकेतून आली आणि पेटी कारखान्यातून तयार येऊ लागली. सुताराच्या वंशजाच्या हातातून रंधा सुटला आणि शोकाकुल कुटुंबाशी बोलणे, कागदपत्रे करणे आणि देहाची काळजी घेणे हे त्याचे काम झाले. १९०५ मध्ये या व्यावसायिकांनी स्थापन केलेल्या संघटनेने १९३५ मध्ये आपले नाव बदलून ‘नॅशनल असोसिएशन ऑफ फ्युनरल डायरेक्टर्स’ केले. त्या नव्या नावात हा सगळा बदल आलेला आहे.

पोथीशाळा

आपले मनापासून आभार. जन्म आणि मृत्यू या दोन्ही वेळी एकच बाई, हा भाग वाचून मी बराच वेळ थांबलो. लेखात तो नक्की घेईन. एक शंका विचारतो. बँटिंग घराणे राजघराण्याच्या कामातून बाहेर कसे पडले, मधले दुसरे घराणे कोणते आणि ते काम लेव्हर्टनकडे कसे आले?

जुने_दप्तर

विल्यम वेस्टपोर्ट बँटिंग १९२८ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर त्या घराण्याकडचे राजघराण्याचे काम संपले. ते ‘जे. एच. केन्यन’ या पेढीकडे गेले. जेम्स हॅरल्ड केन्यन यांनी ती १८८० मध्ये सुरू केली होती. १९३६ मध्ये पाचवे जॉर्ज, १९५२ मध्ये सहावे जॉर्ज आणि १९६५ मध्ये विन्स्टन चर्चिल यांचे अंत्यविधी केन्यन यांनी केले.

केन्यन घराण्याचे खरे ऐतिहासिक काम मला दुसरे वाटते. १ जुलै १९०६ रोजी सॉल्झबरी येथे प्लिमथहून लंडनला येणाऱ्या रेल्वेगाडीला भीषण अपघात झाला आणि त्यात अनेक श्रीमंत अमेरिकन प्रवासी दगावले. त्यांची ओळख पटवून देह अमेरिकेला पाठवण्याच्या कामात केन्यन यांना बोलावण्यात आले. त्यातून मोठ्या अपघातांत मृतांची ओळख पटवणे, त्यांच्या वस्तू जपणे आणि देह नातेवाइकांपर्यंत पोहोचवणे ही एक वेगळीच शाखा जन्माला आली. विमानांच्या युगात ती फार महत्त्वाची ठरली आणि आज या नावाने चालणारी संस्था जगभर हेच काम करते. एका घरगुती दुकानाने हे शास्त्र उभे केले, याचा मला आदर वाटतो.

पण १९८९ मध्ये केन्यन यांची कंपनी, हॉजसन ही इंग्रज कंपनी आणि पाँप फ्युनेब्र जनेराल ही फ्रेंच कंपनी यांचे एकत्रीकरण झाले आणि १९९४ मध्ये तो सगळा समूह सर्व्हिस कॉर्पोरेशन इंटरनॅशनल या अमेरिकी कंपनीने विकत घेतला. मधल्या काळात, १९९१ मध्ये, राजघराण्याचे काम लेव्हर्टनकडे आले होते. ती पेढी तेव्हाही घराण्याच्याच मालकीची होती आणि आजही आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. राजकीय इतमामातील मिरवणूक, सैन्य आणि मानपान यांची आखणी ड्यूक ऑफ नॉरफोक वंशपरंपरेने भूषवतात त्या अर्ल मार्शल या पदाकडे आणि राजवाड्यातील लॉर्ड चेंबरलेन यांच्या कार्यालयाकडे असते. पेढीकडे देह आणि पेटी यांची जबाबदारी असते. ३१ ऑगस्ट १९९७ रोजी प्रिन्सेस डायना यांचा पॅरिसमध्ये मृत्यू झाला, तेव्हा लेव्हर्टनची माणसे त्याच दिवशी विमानाने तिकडे गेली. अशा प्रसंगासाठी एक पेटी कायम तयार ठेवलेली असे. २००२ मध्ये राणीच्या आई, २०१३ मध्ये मार्गारेट थॅचर, २०२१ मध्ये प्रिन्स फिलिप आणि २०२२ मध्ये स्वतः राणी, असे हे काम चालत आले. राणीची शिसाचे अस्तर असलेली ओक लाकडाची पेटी अनेक दशकांपूर्वीच तयार करून ठेवलेली होती आणि लेव्हर्टन यांनी १९९१ मध्ये काम हाती घेतले तेव्हा ती त्यांच्या ताब्यात आली. ती इतकी जड होती की उचलण्यासाठी आठ सैनिक लागले. स्कॉटलंडमध्ये बालमोरलहून एडिंबरापर्यंतचा प्रवास मात्र विल्यम पर्व्हस या तिथल्या, १८८८ पासून चालत आलेल्या दुसऱ्या कौटुंबिक पेढीने सांभाळला.

आता आपण जे विचारले होते, घराणी का संपतात, ते सांगतो. स्पर्धेने संपणारी थोडी, वारसाने संपणारी जास्त. रात्री-अपरात्री दूरध्वनी येतो, सणावाराला घर सोडून जावे लागते आणि शाळेत मुलांना चिडवले जाते. तेव्हा तिसऱ्या-चौथ्या पिढीत कोणीतरी ‘मला हे नको’ म्हणतो. भावंडांत वाटणी होते आणि दुकानाची मोक्याची जागा धंद्यापेक्षा महाग ठरते. नेमक्या त्याच वेळी मोठी कंपनी दारात उभी राहते. ती पेढी विकत घेते पण पाटीवरचे नाव बदलत नाही, कारण तिला तेच हवे असते. आज ब्रिटनच्या बाजारपेठांतून फिरताना दिसणाऱ्या ‘अमुक अँड सन्स’ या पाट्यांपैकी अनेकांच्या मागे त्या आडनावाचे कोणीही उरलेले नाही. १९८९ मध्ये स्वतंत्र पेढ्यांनी आपली वेगळी संघटना उभारली, ती याच काळजीतून.

हॅरोवासी

मी लंडनच्या वायव्य भागात राहतो, म्हणून या इतिहासाची आपल्या माणसांशी जोडलेली बाजू लिहितो.

इंग्लंडमध्ये दहनाला मान्यता मिळाली ती फार उशिरा. १८७४ मध्ये सर हेन्री थॉम्प्सन यांनी दहनाचा पुरस्कार करणारी संस्था स्थापन केली आणि १८७९ मध्ये वोकिंग येथे दाहिनी उभी राहिली, पण स्थानिकांच्या विरोधामुळे ती तशीच पडून राहिली. १८८४ मध्ये वेल्समधील डॉ. विल्यम प्राइस यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे दहन करण्याचा प्रयत्न केला म्हणून त्यांच्यावर खटला झाला आणि न्यायाधीशांनी निर्णय दिला की इतरांना उपद्रव होत नसेल तर दहन हा गुन्हा नाही. मग २६ मार्च १८८५ रोजी वोकिंगला पहिले अधिकृत दहन झाले आणि १९०२ मध्ये दहनाचा कायदा आला. १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत दहनांची संख्या दफनांपेक्षा जास्त झाली होती.

वोकिंगच्या त्या पहिल्या दहनाच्या चौदा वर्षांहून अधिक काळ आधी युरोपच्या भूमीवर एका मराठी राजाचे दहन झाले होते, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडचा दौरा आटोपून परतत असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी, अवघ्या विसाव्या वर्षी, फ्लॉरेन्समध्ये वारले. बरोबरच्या मंडळींनी विशेष परवानगी मिळवून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू पद्धतीने चिता रचली. तिथे शवपेटीचा कोणी दुकानदार उपयोगी पडणार नव्हता. जे केले ते त्यांच्या माणसांनीच केले. १८७४ मध्ये तिथे त्यांचे स्मारक झाले आणि कासीने उद्यानाच्या टोकाला छत्रीखालचा तो अर्धपुतळा आजही उभा आहे. पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या रुग्णालयांत मरण पावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांनाही जवळच्या टेकडीवर चितेवरच अग्नी दिला गेला. १९२१ पासून त्या जागी संगमरवरी छत्री आहे. मुंबईच्या पारशी मंडळींचा संबंध मात्र दफनभूमीशी आला. वोकिंगजवळच्या ब्रुकवुड येथील पारशी विभागात जमशेटजी टाटा यांचे १९०४ मध्ये दफन झाले. याच दफनभूमीसाठी १८५४ ते १९४१ या काळात लंडनच्या वॉटर्लूहून खास प्रेतगाडी धावत असे आणि तिच्यातही पहिला, दुसरा आणि तिसरा वर्ग होता.

आता आजचे सांगतो. इथे मृत्यूनंतर देह लगेच दहनाला नेता येत नाही. नोंदणी, वैद्यकीय प्रमाणपत्रे आणि दाहिनीची वेळ मिळणे यांत दोन-तीन आठवडे सहज जातात. भारतातून आलेल्या माणसाला हे फार जड जाते. माझे सासरे इथे वारले तेव्हा सासूबाई रोज विचारीत, ‘अजून किती दिवस त्यांना असं ठेवायचं?’ आणि आम्हा कोणाकडेच उत्तर नव्हते. त्या काळात ज्या कौटुंबिक पेढीने आमचे काम केले, त्या इंग्रज गृहस्थांनी आम्हाला अंघोळीसाठी स्वतंत्र खोली दिली, गंगाजल, तुळशीपत्र, तूप आणि तांदूळ पेटीत ठेवू दिले, आणि पेटी घरी आणून दाराशी टेकवली, तेव्हा देव्हाऱ्यासमोर पादत्राणे काढून ते बाजूला उभे राहिले. हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. त्यांच्या वडिलांनी सत्तरच्या दशकात पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती कुटुंबांची कामे केली होती आणि मुलगा ते पाहत वाढला होता. पिढीजात पेढीचा उपयोग काय, हे मला तेव्हा समजले. अग्नी देण्याच्या जागी थोरल्या मुलाने बटण दाबायचे असते. दाहिनीत कुटुंबाला आत जाऊन ते करू देतात, मात्र त्यासाठी आधी सांगावे लागते.

मोकळ्या चितेचा प्रश्न इथले एक हिंदू, देवेंद्र घई, यांनी न्यायालयात नेला. १० फेब्रुवारी २०१० रोजी अपील न्यायालयाने निर्णय दिला की भिंती असलेल्या पण छत मोकळे असलेल्या वास्तूत लाकडाच्या चितेवर दहन करणे १९०२ च्या कायद्याच्या चौकटीत बसू शकते. दरम्यान हिंदूंची स्वतःची कौटुंबिक पेढीही इथे उभी राहिली आणि तिच्यात दुसरी पिढी काम करते आहे.

किमतीविषयीही लिहितो, कारण सगळेच चांगले आहे असे चित्र जाऊ नये. दुःखातला माणूस चार ठिकाणी भाव विचारत फिरत नाही आणि त्याचा गैरफायदा मोठ्या कंपन्यांप्रमाणे काही घरगुती पेढ्यांनीही घेतला. म्हणून स्पर्धा नियामकाने चौकशी करून २०२१ पासून प्रत्येक पेढीला ठरावीक नमुन्यातील दरपत्रक दुकानात आणि संकेतस्थळावर लावणे सक्तीचे केले. १८४३ मध्ये चॅडविक यांनी मांडलेल्या तक्रारीवर इतक्या वर्षांनी हा उपाय झाला.

गावकूस

आपल्या समाजात समांतर काही आहे का, या प्रश्नाचे उत्तर अजून आले नाही, म्हणून लिहितो.

आपल्याकडे मरणाचे काम पिढीजात होते, फार कडकपणे पिढीजात होते. तिरडी भाऊबंद बांधतात हे खरे, पण मयताचा सांगावा घेऊन उन्हापावसात परगावी कोण धावत असे? सरणाची लाकडे कोण वाहून आणत असे? महाराष्ट्राच्या बलुतेदारीत ही कामे महार समाजावर लादलेली होती आणि त्याचा मोबदला म्हणून मिळे तो वतनाचा तुकडा, दारोदारची भाकरी आणि प्रेतावरचे कापड. लंडनचा सुतार या कामाची किंमत स्वतः ठरवू शकत होता, नाही म्हणू शकत होता आणि दुकान विकून दुसरा धंदा करू शकत होता. आमच्या आज्या-पणज्यांच्या पिढ्यांना यांपैकी एकही गोष्ट करता येत नव्हती. म्हणून दोन्हीकडे ‘पिढीजात’ हा शब्द लागू पडला तरी तिकडच्या पिढ्यांनी पेढी कमावली आणि इकडच्या पिढ्यांची मेहनत कोणाच्याही नावावर जमा झाली नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या वेठीतून सोडवणूक व्हावी म्हणूनच. ते त्या वेळी मंजूर होऊ शकले नाही. ही वतने कायद्याने संपली ती १९५८ मध्ये. त्याआधीच अनेक गावांत लोकांनी सांगावा पोहोचवणे आणि मेलेली जनावरे ओढणे सोडून दिले होते आणि त्यासाठी बहिष्कारही सोसला होता. आपल्या लेखात कौटुंबिक व्यवसायाचा गौरव अवश्य व्हावा, पण हा भाग गाळू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

लेव्हर्टनशी खरोखर तुलना करायची असेल तर काशीच्या डोम घराण्यांशी करावी. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र या घाटांवर चितेला अग्नी त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो, राजा हरिश्चंद्राला विकत घेणाऱ्या डोमाशी ते आपले नाते सांगतात आणि घाटावरच्या उत्पन्नाच्या पाळ्या घराण्यांमध्ये वाटलेल्या असतात, त्या वारसाने मिळतात. आपल्याकडच्या देवस्थानांतील पुजाऱ्यांच्या पाळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही व्यवस्था लगेच समजेल. हक्क त्यांचा, अग्नी त्यांचा, तरीही स्पर्श मात्र टाळला जाणार, हे तिथले वास्तव आहे. डोमराजा जगदीश चौधरी यांना २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली, त्या वेळी या घराण्यांकडे देशाचे थोडे लक्ष गेले.

शहरांतील आजची स्थिती वेगळी आहे. पुण्या-मुंबईत मयताचे सामान एका जागी मिळणारी दुकाने बरीच जुनी आहेत आणि आता शववाहिका, गुरुजी, दाखले आणि दहाव्याची तयारी एकत्र करून देणाऱ्या संस्था निघाल्या आहेत, कारण मुले परदेशी असतात आणि इमारतीत चार खांदे जमत नाहीत. मुंबई-गोव्याच्या ख्रिस्ती समाजात शवपेटी करणारी घराणी तर पूर्वीपासून आहेत. आपल्या लेखमालेसाठी त्यांच्याशीही बोलावे.

जुने_दप्तर

गावकूस यांनी लिहिले ते या चर्चेला हवेच होते. वारसा कोणाला सोडून देता येत होता आणि कोणाला नाही, हा फरक मी माझ्या लेखनात मांडायला हवा होता एवढेच नव्हे, तर पोथीशाळा यांनी आपल्या लेखात तो मध्यभागी ठेवावा असे मला वाटते.

शोधासाठी काही वाटा सुचवतो. लंडनमधील पेढ्यांची वंशावळ तपासायची असेल तर जुन्या व्यापारी निर्देशिका पाहाव्यात. त्यांत एकच माणूस काही वर्षे ‘सुतार’, मग ‘सुतार व अंडरटेकर’ (अंत्यविधीची व्यवस्था करणारा) आणि पुढे नुसता ‘अंडरटेकर’ म्हणून नोंदलेला सापडतो, आणि धंद्याचे वळण त्याच्या नावासमोरच दिसते. १८४१ पासूनच्या जनगणनेत घरातील प्रत्येकाचे नाव आहे, आणि १९२१ पर्यंतचे तक्ते आता पाहता येतात. धाकटा मुलगा वयाच्या कितव्या वर्षी दुकानात लागला ते त्यांतून कळते. राजघराण्याच्या अंत्यविधींचे कागद ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात लॉर्ड चेंबरलेन यांच्या विभागात आहेत. गावकूस यांनी सांगितलेल्या बाजूसाठी मुंबई विधिमंडळातील १९२८ ची चर्चा मुळातून वाचावी. बाबासाहेबांचे विधेयकावरील भाषण महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या समग्र लेखनात आहे. काशीसाठी मात्र घाटावर जाऊन, ज्यांची पाळी असेल त्यांच्याशी परवानगी घेऊन बोलणे हाच मार्ग आहे, आणि सकाळच्या गर्दीपेक्षा दुपारी गेलेले बरे.